हाकेच्या अंतरावर

पावसाळ्यात कधी सांगलीला आलात, तर एक गोष्ट तुमच्या चटकन लक्षात येईल. रस्त्यात दोन माणसं भेटली की 'काय, बरं आहे ना?' असं विचारायच्या आधी 'पुलाजवळ किती झालं?' असं विचारतात. पूल म्हणजे कृष्णेवरचा, १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल. आणि किती म्हणजे किती फूट. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाढ्यांसारखं पाठ असतं. इथं लख्ख ऊन पडलेलं असलं, तरी महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात तो कोसळत असेल तर आम्हाला सुखाची झोप नसते. तिकडचं पाणी इकडे यायचंच असतं.

नदीकाठच्या प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो. पुलाजवळ इतके फूट झाले की आपल्या पायरीला पाणी लागतं, हा तो आकडा. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट इथले आकडे लहान. गावभागातल्या आमच्या बोळाचा आकडा मोठा. म्हणून आम्ही निर्धास्त. २००५ साली नदी ५३ फुटांच्या पुढे गेली होती, तेव्हा पाणी आमच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, एक रात्र थबकलं आणि मुकाट्याने मागे फिरलं. त्या दिवसापासून आमच्या बोळात एक वाक्य रूढ झालं : 'पाच साली आलं नाही, ते आता काय येतंय!'

या एका वाक्याने आमचा घात केला. पण आज मला लिहायचं आहे ते पाण्याबद्दल नाही. मला लिहायचं आहे ते एका हाकेबद्दल. ती मी मारायला हवी होती आणि मारली नाही.

आमच्या शेजारी एक वयस्कर जोडपं राहायचं. मुलगा परदेशी, मुलगी लग्न होऊन नागपूरला. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. अठरा वर्षांचा शेजार. त्यातली पहिली सोळा वर्षं वाटीभर साखरेची, दिवाळीच्या फराळाची आणि एकमेकांकडे किल्ल्या ठेवण्याची. मग त्यांच्या परसातल्या शेवग्यावरून बोलाचाली झाली. पानं आमच्या पन्हळीत पडतात, पन्हळ तुंबते आणि पाणी माझ्या स्वयंपाकघरात झिरपतं, अशी माझी तक्रार. झाड त्यांनी हाताने लावलेलं. शब्दाने शब्द वाढला आणि अबोला धरला गेला. अबोल्याचं एक असतं. धरताना वाटतं, चार दिवसांचा आहे. मग तो घरातल्या जुन्या कपाटासारखा होतो. त्याला वळसा घालून जायची सवय लागते.

२०१९ सालचा ऑगस्ट. ५ तारखेला सोमवार होता, नागपंचमी होती. टीव्हीवर दिवसभर काश्मीर चालू होतं. नदीने धोक्याची पातळी ओलांडली होती, पण आमच्या बोळात पुरणाची दिंडं शिजत होती. मंगळवारी दुपारी ह्यांनी कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं आणि परत येऊन म्हणाले, "बोळाच्या तोंडाशी पाणी आलंय. आत्ता गाडी काढली तर निघेल."

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा उमगलं, की घराचा आकडा आणि वाटेचा आकडा हे दोन निराळे असतात. आमचं जोतं उंच आहे, पण बोळ जिथं रस्त्याला मिळतो तिथं खोलगट आहे. घरात पाणी यायच्या कितीतरी आधी वाट बंद होते. पंधरा वर्षं आम्ही पायऱ्या मोजत बसलो आणि वाट कुणी मोजलीच नाही.

मग जी धांदल उडाली ती काय सांगावी! कागदपत्रं, दागिने, मुलीची पुस्तकं, सासूबाईंची औषधं. अर्ध्या तासात आम्ही गाडीत होतो. निघताना मी शेजारच्या दाराकडे पाहिलं. खिडकीत उजेड होता. मनात आलं, हाक मारावी. मग वाटलं, त्यांनाही दिसतंच आहे की. त्यांची मुलगी फोन करेल, कुणीतरी येईल. आणि खरं सांगायचं तर, दोन वर्षं ज्या दाराकडे पाहिलं नाही तिथं जाऊन उभं राहायची लाज वाटली. ह्यांनी हॉर्न वाजवला. मी गाडीत बसले.

विश्रामबागला नणंदेकडे आम्ही सुखरूप पोचलो. बुधवारी दुपारी आमच्या दूधवाल्याचा फोन आला. "वहिनी, तुमच्या शेजारचे काका-काकू कुठं आहेत? कुणालाच ठाऊक नाही." मलाही ठाऊक नव्हतं. त्यांचा मोबाइल नंबर माझ्याकडे नव्हता, मुलीचाही नव्हता. अठरा वर्षं एका भिंतीला पाठ लावून राहिलो आणि माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव नव्हतं!

ते घरातच होते. पाणी आत शिरल्यावर माडीवर चढून बसले होते. वीज गेलेली. काकांना मधुमेह; इन्शुलिन बंद पडलेल्या फ्रिजमध्ये, आणि फ्रिज खालच्या मजल्यावर पाण्यात उलटा तरंगत होता. प्यायला एक कळशी पाणी होतं, ते दोघांनी फुलपात्राने मोजून प्यायलं. नदी वाढत वाढत ५७ फुटांच्याही वर गेली. गुरुवारी संध्याकाळी, दूधवाल्याने सांगितलेल्या खुणेवरून, तालमीतली चार पोरं ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधून तिथवर गेली आणि दोघांना खिडकीतून उतरवून घेऊन आली. काकांना थेट दवाखान्यात दाखल करावं लागलं. वाचले. पण पायाला झालेली जखम पुढे कितीतरी महिने चिघळत राहिली.

पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो. बोळभर ढोपरभर चिखल, कुजक्या धान्याचा वास, भिंतींवर छातीच्या उंचीवर एकसारखी तपकिरी रेघ. मी खराटा घेऊन दारात उभी होते. काका काठी टेकत आले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "भांडण झाडाचं होतं हो. जाताना एक हाक मारायला काय हरकत होती?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

* * *

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला, थोडंफार वाचलंही. आपत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात त्या नारिंगी होड्या, हेलिकॉप्टर, लष्कराचे जवान. ती माणसं येतात आणि जिवावर उदार होऊन काम करतात; सांगलीने ते डोळ्यांनी पाहिलं आहे. बहिणींनी त्या जवानांना होडीतच राख्या बांधल्या. पण जरा हिशेब करून पाहा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्या राज्यातली तुकडी असते पुण्याजवळ, तळेगाव दाभाड्याच्या बाजूला. तिथून निघून, पाण्याखाली गेलेले रस्ते टाळत, होड्या घेऊन तिने यायचं. एकाच वेळी सांगली बुडालेली, कोल्हापूर बुडालेलं, शिरोळची गावंच्या गावं वेढलेली, पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली. कुणी कितीही धावलं तरी पहिले काही तास, कधी पहिला दिवस, आपला आपल्यालाच काढावा लागतो. यात कुणाची कुचराई असेलच असं नाही. अंतर आणि वेळ यांचं हे साधं गणित आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगाच केलेली नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून गावं नुकती झोपलेली. चारच्या सुमाराला किल्लारी आणि आसपासची गावं दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. बाहेरची मदत पोचेपर्यंत जे ढिगारे उपसले गेले, ते त्याच गावातल्या वाचलेल्या माणसांनी, हातांनी आणि टिकावांनी.

याच्या सव्वा वर्षानंतर, १७ जानेवारी १९९५ ला, जपानमध्ये कोबे शहराजवळ पहाटे पावणेसहाला भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. जपानसारखा शिस्तीचा, यंत्रांचा देश. पण तिथंही ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या माणसांपैकी बहुतेकांना बाहेर काढलं ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. त्यातली एक हकीकत मला फार मोलाची वाटते. भूकंपाच्या केंद्राजवळ आवाजी बेटावर होकुदान नावाचं एक लहानसं गाव होतं. जमिनीतली भेग त्या गावातूनच गेली. सुमारे तीनशे माणसं घरांखाली अडकली. पण गावातल्या स्वयंसेवक अग्निशामकांनी आणि शेजाऱ्यांनी त्याच दिवशी दुपारपर्यंत सगळ्या अडकलेल्यांना बाहेर काढलं. कसं? कोणत्या घरात कोण राहतं आणि ते माणूस कोणत्या खोलीत कोणत्या बाजूला झोपतं, हे त्यांना ठाऊक होतं! कुठं खणायचं हे शोधण्यात त्यांचा वेळ गेला नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या शेजारचे काका कोणत्या खोलीत झोपतात, हे मला नक्की ठाऊक होतं. भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा. ठाऊक असूनही उपयोग केला नाही, असं हे माझं ज्ञान.

नुसत्या शेजारधर्मानेही भागत नाही, हेही त्याच महापुराने शिकवलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली होडी उलटली आणि आयाबाया, लेकरं बुडाली. मदत करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण होडीत किती माणसं बसवायची, अंगावर तरंगणारी जाकिटं हवीत, पाण्याखाली झाडंझुडपं कुठं आहेत, हे ऐनवेळी कुणी कुणाला सांगायचं? माया असावी लागते. तशी तालीमही असावी लागते.

* * *

त्या दिवाळीनंतर आमच्या गणेश मंडळाच्या खोलीत पहिली बैठक झाली. चौतीस घरांपैकी अकरा घरांतली माणसं आली. त्यातली चार चहासाठी आली होती, हे त्यांनीच नंतर कबूल केलं. ह्यांनी शंभर पानी वही आणली आणि दूधवाल्याला मानाने मध्ये बसवलं. कारण बोळात कोण कुठं आणि कशा अवस्थेत राहतं, हे सगळ्यांत जास्त त्याला ठाऊक.

पहिली अडचण आली ती शकुन-अपशकुनाची. "कशाला आत्तापासून पुराचं नाव काढता?" असं एक आजोबा म्हणाले. दुसरी अडचण संशयाची. घरात म्हातारी एकटी आहे, हे वहीत लिहिलं आणि ती वही भलत्याच्या हाती लागली तर? प्रश्न रास्त होता. म्हणून ठरलं, की वही तीनच घरी राहील आणि फोनवरून कुणाला पाठवायची नाही. तिसरी अडचण सर्वांत मोठी : आळस. तिच्यावर मात्र आम्हाला उपाय सापडलेला नाही.

वहीत प्रत्येक घराला एक पान. घरात किती माणसं, लहान किती, म्हातारी किती. जिना कुणाला चढता येत नाही. रोजचं औषध कुणाला लागतं. बाळंतपण कुणाचं जवळ आलं आहे. बाहेरगावच्या नातेवाइकाचा नंबर. जनावर आहे का. आणि शेवटी, या घराला हाक मारायची जबाबदारी कुणाची. ही शेवटची ओळ आमच्या वहीचा आत्मा आहे. प्रत्येक घर दुसऱ्या एका घराला हाक मारणार. माणूस दारात येऊन 'हो' म्हणेपर्यंत तिथून हलायचं नाही. चौतीस घरांची साखळी. एक कडी निसटली तर पुढची सगळी निसटतात, म्हणून प्रत्येकाला एक बदली कडीही दिली.

साखळीची पहिली कडी कोण, यावर खल झाला. तरणी मुलं म्हणाली, आम्ही जागे राहू. तेव्हा शेजारच्या काकू पहिल्यांदाच बोलल्या. "तुम्ही कसले जागे राहताय! मला मेलीला रात्री तीननंतर झोप नसते. पहिलं नाव माझं लिहा." आणि त्यांच्या नावापुढे कुणाच्या घराचं नाव आलं असेल? आमच्या.

मग आकडे ठरले. बोळाच्या तोंडाशी पाणी कधी लागतं, ते जुन्या माणसांना विचारून आणि २०१९ च्या खुणा पाहून काढलं. त्याच्या दोन फूट आधी म्हातारी, आजारी आणि लेकुरवाळी माणसं बाहेर. एक फूट आधी उरलेले सगळे. कुणाचीही 'बघू, सकाळपर्यंत थांबू' ही सबब चालणार नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकानाबाहेर एक काळा फळा लावला. पूर चढू लागला की एकच माणूस नियंत्रण कक्षाला फोन करून आकडा विचारणार आणि वेळेसकट फळ्यावर लिहिणार. फळ्यावर नाही ते खरं नाही, असा नियम. कारण महापुरात पाण्याइतक्याच वेगाने अफवा चढतात. 'धरण फुटलं' असा निरोप माझ्याच फोनवर त्या आठवड्यात कितीदा आला, त्याची गणती नाही.

घरोघरी काय करायचं, तेही लिहून काढलं. ते सांगते, कारण ते नदीकाठाबाहेरही उपयोगी पडेल. एक पिशवी दाराजवळच्या खुंटीला कायम टांगलेली : कागदपत्रांच्या नकला प्लॅस्टिकमध्ये, आठवड्याची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, जादा चष्मा, विजेरी, शिट्टी, थोडे सुटे पैसे, चार फोन नंबर कागदावर लिहिलेले. नंबर कागदावरच हवेत. मोबाइल मेला की त्याच्या पोटातले नंबरही मेले. निघताना विजेचा मुख्य खटका बंद. गॅसचा रेग्युलेटर काढायचा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधायचा, कारण रिकामा होत आलेला सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि भिंतींवर आपटत फिरतो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी एक लहान मडकं ठेवायचं. वीज गेली तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात ते लहान मडकं आणि वर ओलं फडकं. फ्रिजइतकं नाही, तरी गारवा राहतो. वाहत्या पाण्यातून चालायचा मोह टाळायचा. गुडघाभर ओढीचं पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं, आणि दोन फूट ओढीच्या पाण्यात चारचाकी गाडी कागदाच्या होडीसारखी निघून जाते. पूर ओसरल्यावर पाणी उकळून प्यायचं, पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही, ताप आला की लेप्टोची आठवण ठेवून डॉक्टरांकडे जायचं.

रंगीत तालीम घेतली त्या रविवारी जी गंमत उडाली, ती एखाद्या फार्सात शोभली असती. शिट्टी वाजली तेव्हा निम्मा बोळ मटणाच्या रांगेत उभा होता. साखळी नवव्या घरापाशी तुटली, कारण त्या घरातले लोक लग्नाला गेले होते आणि बदली कडी आंघोळीला. एका काकांना खुर्चीसकट उचलून न्यायचं ठरलं होतं, तर ते म्हणाले, "मला काय झालंय? मी चालत येतो!" आणि चालत आले. पण हसता हसता चुका कळल्या. चुका रविवारी कळलेल्या बऱ्या.

* * *

शेजारचे काका पुढच्या वर्षी गेले. पुराने नाही, हृदयविकाराने. शेवटच्या काही महिन्यांत ते रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसायचे. शेवग्याचा विषय आम्ही कधी काढला नाही. त्या वर्षी शेंगा मात्र आमच्याकडे आल्या.

आणि २०२१ चा जुलै आला. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती. छावणीत गर्दीत जायचं म्हणजे माणसं बिचकत होती. २२ तारखेला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. बातम्या येत होत्या आणि आमच्या फळ्यावरचा आकडा चढत होता. शुक्रवारी आम्ही आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना हलवायला सुरुवात केली. काकू म्हणाल्या, "मी पहिली कडी आहे. मी शेवटच्या तुकडीत." कुणाचं ऐकेनात.

शनिवारी पहाटे तीन-सव्वातीनला माझ्या दारावर काठीचे तीन ठोके पडले आणि हाक आली. नावाने मारलेली, खणखणीत. मी दार उघडलं. डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं, तोंडाला मास्क, हातात विजेरी, काखेत ती पिशवी. "फळ्यावर आकडा आलाय. ऊठ. हो म्हण, म्हणजे मी जाते."

मी हो म्हटलं. पण मला पुढे काही बोलता येईना.

तासाभरात बोळ रिकामा झाला. अगदी सगळं सुरळीत झालं असं नाही. एका घराने ऐनवेळी जायचं नाकारलं, त्यांना दुपारी होडीतून काढावं लागलं. दोन मांजरं राहिली, ती माडीवर सापडली. रविवारी नदी ५४-५५ फुटांच्या घरात गेली. पाणी घराघरांत शिरलं, लाकूडफाटा आणि धान्य गेलं. पण त्या वेळी आमच्या बोळातलं एकही माणूस माडीवर बसून फुलपात्राने पाणी मोजत नव्हतं.

* * *

तुम्ही म्हणाल, आमच्या गावाला नदीच नाही. नसेल. मुंबईत मिठी नावाची नदी आहे, हे कित्येक मुंबईकरांना २६ जुलै २००५ लाच कळलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा! आणि त्या रात्री अनोळखी माणसांना घरात घेऊन खिचडी वाढणारे होते ते रस्त्याकडेच्या चाळींतले आणि इमारतींतले लोक. डोंगराखाली राहणाऱ्यांनी उतारावर नव्या भेगा पडल्या, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर रात्रीची वाट पाहू नये. आंबेगाव तालुक्यातलं माळीण २०१४ साली आणि खालापूरजवळची इर्शाळवाडी २०२३ साली कशी गाडली गेली, ते आपण पाहिलं. आणि बारा मजली इमारतीत राहत असाल, तर एकदा जिना उतरून बघा. जुन्या सायकली, फुलझाडांच्या कुंड्या, चपलांचं कपाट. धुराने भरलेल्या अंधारात याच जिन्याने तुम्हाला उतरायचं आहे, कारण आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते. गच्चीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, हे तुमच्या इमारतीत किती जणांना ठाऊक आहे?

सरकारी व्यवस्था आहे. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, जिल्ह्याजिल्ह्यांत प्राधिकरणं झाली. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८, पोलिसांपासून अग्निशामक दलापर्यंत सगळ्यांसाठी ११२, हे नंबर भिंतीवर लिहून ठेवावेत. 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना शिक्षण मिळतं, तिथं आपल्या गल्लीतली दोन पोरं आणि दोन पोरी जरूर पाठवाव्यात. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात काही लाख माणसं मेली. १९७२ पासून त्यांनी गावोगाव स्वयंसेवक उभे केले, ते हातातला कर्णा घेऊन दारोदार फिरून लोकांना उठवतात. निवाऱ्याच्या पक्क्या इमारती आणि हवामानाचे अंदाज यांच्या जोडीला ही माणसं असल्यामुळे, आता तशाच वादळांत जाणारे जीव फार कमी झाले आहेत. उपग्रहाने वादळ पाहिलं, तरी शेवटच्या झोपडीपर्यंत ती बातमी माणसाच्याच तोंडून पोचावी लागते.

आज रविवार आहे. दुपारची झोप काढायच्या आधी एवढंच करा. शेजारच्या घराची बेल वाजवा आणि त्यांच्या बाहेरगावच्या मुलाचा किंवा मुलीचा नंबर लिहून घ्या, तुमचा द्या. रात्री घरात कोण कुठं झोपतं आणि कोणतं औषध लागतं, ते चहा पिता पिता विचारा. अबोला असेल, तर आधी तिथंच जा. काय सांगायचं ते सुचलं नाही, तर सांगा की पेपरात वाचलं म्हणून आलो.

काकू आता ब्याऐंशीच्या आहेत. वहीत दरवर्षी मे महिन्यात नवी नोंद होते. यंदा मी म्हटलं, "काकू, पहिली कडी आता कुणा तरुणाला देऊ या." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "का? मला झोप लागायला लागली, असं कुणी सांगितलं तुला?"